गरम असताना सुरू होत नाही

जॉबकार्डावर तक्रार एवढीच:
गरम असताना सुरू होत नाही.
खाली सही, बालराज गड्डम, अशोक चौक.

सोलापुरात, एप्रिलमध्ये,
गरम नसतं कधी?

लाल गाडी, दोन दारांची.
त्याच्या काकानं जर्मनीहून आणली तेव्हा
कारखान्यात बावन्न माग चालायचे
आणि टॉवेल बोटीनं हांबुर्गला जायचे.
आता माग भंगारात. गाडी आहे,
एक डोळा वर, एक मिटलेला.
त्या बाजूची मोटर जळून सहा वर्षं झाली.
पोरं तिला काणी म्हणतात.

बॉनेट उघडलं.
रबर सगळं खारकेसारखं.
पाण्याचा होज बोटानं दाबला, तर भुगा.
मागच्या सीलातून ऑइल गळतंय क्लचवर,
म्हणून तिसऱ्यात जोर दिला
की इंजिन ओरडतं नि चाकं ऐकतच नाहीत.
मीटर बेचाळीस हजारावर.
"पळवलीच नाही हो," बालराज म्हणाला,
जणू तिच्या बाजूचा पुरावा दिला.
मी पाना पुसत राहिलो.
पळालेली गाडी मला आवाजावरून कळते.
उभ्या राहिलेलीचं काय काय वाळलंय
ते खोलल्याशिवाय नाही कळत.

टायमिंग बेल्टला मात्र हात लावायला भ्यालो.
तो दात चुकला की व्हॉल्व्ह पिस्टनवर,
खेळ खलास.
ताण मोजायचं यंत्र पुण्यात एकाकडे,
तो फोन उचलत नाही.

तिसऱ्या दिवशी बालराज नरसय्याला घेऊन आला.
त्यांच्याच कारखान्यातला जॉबर,
खडखडाटात दोन्ही कान गेलेले.
"का बे, काय करालाय?"
उत्तर ऐकायला थांबला नाही.
चिमटीत बेल्ट धरला, पाव फेरा पिळला,
सोडला.
पुन्हा धरला. डोळे मिटून.
तेलुगूत काहीतरी बोलला,
बालराज खाली बघत राहिला.
मग मला म्हणाला: "ढिला हाय. दोन सूत."

मी आवळला. दोन सूत.

राहिली मूळ तक्रार.
तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ होते,
पंप बिचारा वाफच ओढत बसतो.
पाइप बदलायचा तर महिना.
नरसय्यानं खांद्यावरचा टॉवेल बादलीत बुडवला,
पिळला, पाइपावर गुंडाळला.
काठावर कारखान्याचं नाव,
धुऊन धुऊन अर्धं उरलेलं.
पाच मिनिटं. चावी.
ती असं काही खाकरली
की समोरच्या चहावाल्यानं गॅस बंद केला.

मजुरी विचारली तर म्हणाला,
"एक चक्कर."
बालराजनं दार उघडून धरलं.
दोघं गेले होटगी रोडनं,
दुसऱ्यातून थेट चौथ्यात,
भर दुपारी एक डोळा उघडा.

तासाभरानं फोन. आसरा चौकातून.
"बंद पडली. टॉवेल वाळला."
मागून नरसय्या हसतोय, मोठ्यानं,
स्वतःला ऐकू येत नसल्यासारखा.

मी पाण्याचा कॅन पायाशी ठेवला
आणि स्कूटरला किक मारली.