चार दोर

कार्लोवासीहून निघालो तेव्हा रात्रीचे अकरा.
बत्ती लावायची नाही, अर्गिरोने बजावलेलं,
माश्या उजेडाकडे धावतात
आणि परतीचा रस्ता विचारत नाहीत.
अठ्ठेचाळीस पेट्या, तोंडांना जाळी,
तीन थर, वर ओलं गोणपाट,
आणि त्या सगळ्यावर ती स्वतः,
मेलेल्या नवऱ्याचा कोट अंगात, भर जूनमध्ये.

तांडेल पँटेलिसने यंत्र बंदच ठेवलं.
हादऱ्यांनी मेण तुटतं, असं ती म्हणायची.
डिझेल वाचतं, असं तो म्हणायचा.
शीड उभारण्यावर दोघांचं एकमत होतं.
मी चौदा वर्षांचा. दोर माझ्याकडे.

पेटीवर तळहात ठेवला
तर तापातल्या पोराच्या कपाळासारखी ऊब.
"हात काढ," ती म्हणाली, "त्यांना मोजलेलं आवडत नाही."
मी मोजत नव्हतो.

फूर्नीच्या दक्षिण टोकाला वळसा घालून
पश्चिमेच्या उतारावर उतरवायचं होतं सगळं.
तिथे थाईम फुललेला,
वास ओव्याच्या चुलतभावासारखा,
वारा तिकडून आला की लाळ सुटते.
उजाडायच्या आत पोहोचायचं ठरलेलं.

उत्तरेच्या वाऱ्याला हे कुणी कळवलं नव्हतं.
मेल्तेमी तीन वाजता उठला,
होडीला मागून खांदा दिला,
खालचा थर सरकला, आठ जाळ्या फाटल्या.
आम्ही बेटाच्या पूर्वेला एका अरुंद खाडीत शिरलो,
नांगर टाकला.
मग ऊन आलं, आणि माश्या कामाला निघाल्या.

आधी मला काही कळलं नाही.
पायांना पिवळे गोळे लावून त्या परतत होत्या,
पण होडीकडे नाही.
होडीच्या डावीकडे, दोन वावांवर,
रिकाम्या हवेत थांबत होत्या.
तिथेच घिरट्या, तिथेच दार शोधणं,
तासाभरापूर्वी जिथे दार होतं.
डोंगरावरून येणाऱ्या झुळकीने
होडी नांगरावर फिरली होती, एवढंच.

"त्यांना घर ओळखू येत नाही," अर्गिरो म्हणाली,
"जागा पाठ असते."
आणि मग ओरडली, "धर तिला! हलू देऊ नकोस!"
पँटेलिस चाळीस वर्षं समुद्रावर होता.
असं काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दोर कातळांना,
एक रानटी अंजिराला, मी पोहत जाऊन बांधला,
चौथा नांगराचा.
दिवसभर माझं एकच काम:
डोलकाठीचं टोक आणि काठावरचा पांढरा दगड
एका रेषेत ठेवायचा.
हा ढिला, तो ताण, पुन्हा हा.
तळव्यांची सालं निघाली.
तांडेल सावलीत बसून ऑलिव्हच्या बिया
पाण्यात थुंकत म्हणाला,
"आयुष्यात इतकं लांब कधी गेलो नव्हतो."

रात्री जाळ्या शिवल्या, दोर सोडले.
काही मागे राहिल्या असणार.
त्यावर कुणी बोललं नाही.

पश्चिमेला पेट्या उतरवताना
तांडेलाने मोजल्या: सत्तेचाळीस.
त्याने अर्गिरोकडे पाहिलं.
तिने गोणपाटाखालच्या एका कोपऱ्याकडे पाहिलं नाही,
इतकं ठरवून, की मलाही कळलं.

परतताना त्याने न विचारता सुकाणू वळवलं.
खाडीत अंजिराच्या फांदीला,
माझ्या दोराने सोललेल्या सालीशी,
मूठभर माश्या लोंबत होत्या,
काळ्या, चिकटून, गप्प.

दोन कातळ, अंजीर, नांगर.
मी डोलकाठी दगडाशी जुळवली.
अर्गिरोने पेटीचं तोंड उघडलं,
कोटाच्या बाह्या वर सारल्या,
एक डोळा मिटून पाहिलं.

"थोडं डावीकडे," ती म्हणाली.