अंगठ्यापुरतं

नाना पेठेत मी मिठाईचे खोके करते,
पाव किलो, अर्धा किलो, वर जरीची चिकटपट्टी.
शनिवारी साडेसातला कटर घसरला.
मी डावखुरी, म्हणून कापला उजवा अंगठा.
पेढ्याचा पांढरा खोका एका कडेने
गुलकंदासारखा होत गेला.
शेठ म्हणाले, आधी खोके बाजूला घ्या.

शकिलाने ओढणीचं टोक फाडून बांधलं.
रिक्षावाल्याने सीटवर पेपर अंथरला,
मग आम्हाला बसू दिलं.

स्वारगेटच्या पुढे, पुलाच्या खांबाआड
निळी पाटी: चोवीस तास. नंबर लावायची गरज नाही.
वाचूनच दुखणं थोडं उतरलं.
पर्समध्ये कार्ड होतं ना. पाच लाखांचं.
वॉर्ड ऑफिसच्या शिबिरात अडीच तास उभं राहून काढलेलं,
लॅमिनेशनचे वीस रुपये वेगळे.
त्यावर मी 'मंदाकीणी लोढे' आहे.
लोंढ्यांचा अनुस्वार सायबरवाल्याकडेच राहिला.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड उजेडाला धरलं,
पाचशेची नोट धरतात तसं.
मावशी, हे इथे नाही चालत.
आणि चालतं तिथेही टाक्यांना नाही चालत,
ॲडमिट व्हावं लागतं.
अंगठ्यासाठी?
ती म्हणाली, तेच तर.

म्हणजे मोठं काही झालं तर सगळं फुकट,
हृदय, किडनी, खुब्याचं हाड.
आणि मी आणलेला एवढासा अंगठा.
लग्नात हलका आहेर घेऊन गेल्यासारखं झालं.
हात मी पदराखाली घेतला.

टाक्याला साडेतीनशे. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं.
आतला डॉक्टर माझ्या धाकट्याच्या वयाचा,
डोळ्यांत झोप, टेबलावर अर्धा वडापाव
कागदात पुन्हा गुंडाळून ठेवलेला.
तीन लागतील, म्हणाला.
मी म्हटलं, दोनांत होतंय का बघा.

शकिलाने कोपर मारलं.
पण मेथीची जुडीसुद्धा मी अशीच घेते,
आणि जुडी काही माझ्या अंगाची नसते.

तो हसला नाही. म्हणाला, बघतो,
तुम्ही तिकडे बघा.
तिकडे भिंतीवर मागच्या महिन्याचं कॅलेंडर.
एकवीस तारखेला कुणीतरी पेनाने गोल करून
लिहिलं होतं, 'गॅस'.
मी तो गॅस वाचत राहिले,
तो आला असेल का, कुणाच्या घरी, तोवर कशावर शिजवलं.

पावतीवर टाके दोन.
सातशे शकिलाने भरले, इंजेक्शनचे मी.
शकिलाकडेही तेच कार्ड आहे,
तिचं नाव मात्र बरोबर छापलंय.
ती म्हणाली, काय फरक पडला.

चौथ्या दिवशी पट्टी सोडली आणि मोजले.
तीन.
चष्मा लावून परत मोजले.
काळ्या दोऱ्याच्या तीन गाठी, मुंग्यांसारख्या,
एकीमागे एक.
विचारायला जावं तर जायचं-यायचं भाडं,
आणि विचारलं म्हणून
त्या पोराला कुणी बोललं तर?
गप्प बसले. अजून कुणाला सांगितलेलं नाही,
शकिलालाही नाही. तिचे साडेतीनशे अजून द्यायचेत.

आज रेशनला गेले.
मशीन म्हणतं, अंगठा जुळत नाही.
पुसा, म्हणाला दुकानदार. पदराला पुसला.
जुळत नाही.
मग डावा लावा.
डाव्याच्या रेषा तर डिंकाने केव्हाच खाल्ल्या,
त्याला मशीन कधीच ओळखत नव्हतं.

मागे रांग खाकरते. कुणीतरी म्हणतं,
बाईंचं झालं नसेल तर बाजूला व्हा.

मी उजवाच पुन्हा ठेवते काचेवर,
जरासा तिरका,
तिसऱ्या टाक्याच्या बाजूने.