सत्त्याण्णव नंबरचा रस्ता, पंधरा डॉलरच्या आत

नियम ओरेस्टनंच केला:
गुरुवार, एकच रस्ता, सुरुवात उत्तरेकडून,
एकही दुकान गाळायचं नाही.
बिल पंधरा डॉलरच्या वर गेलं
तर वरचे पैसे ज्यानं हट्ट केला त्यानं भरायचे.

एडमंटनमध्ये तेव्हा उणे अठ्ठावीस.
बसडेपोतून मी निवृत्त होऊन तीन महिने झालेले,
आणि त्याच्या घशावरचे किरण थांबून
सहा आठवडे.

पहिल्या दुकानात नऊ टेबलं,
एकाचा पाय पुठ्ठ्याच्या घडीवर. तेच आमचं.
फोचा वाडगा आला तेव्हा
ओरेस्टचा चष्मा, भुवया, कानटोपी
सगळं वाफेत बुडालं.
आतून आवाज आला, "गरम आहे."
"आणि?"
"गरम आहे म्हणालो ना."

बत्तीस वर्षं मी ब्रेक दुरुस्त केले.
ब्रेक लागतो किंवा लागत नाही.
चव गेलेल्या माणसासमोर बसून
"मस्त आहे" म्हणायचं की नाही
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

फिलिपिनो खाणावळीत काचेआड बारा पातेली.
नेनिता विचारायची, "भात अजून?"
आणि उत्तराच्या आधीच डाव पालथा.
चिंचेच्या रश्शानं माझे दात आंबले,
डोळे आपोआप मिटले.
ओरेस्ट माझ्या तोंडाकडे बघत होता,
बंद दुकानाच्या काचेतून
आतलं घड्याळ बघावं तसा.

तिबेटी मोमो. सहा डॉलरला आठ.
"गरम."
लाओसचा पपईचा ठेचा, मला घाम फुटला.
"कुरकुरीत," तो म्हणाला,
आणि ही प्रगती आहे असं मी घरी जाऊन
कॅलेंडरवर लिहिलं.

सातव्या गुरुवारी दारावर कागद:
मुलीचं लग्न. सोमवारपासून चालू.
नियमात हे बसत नव्हतं.
आम्ही गाडीत हीटर लावून बसलो,
आणि तिथं त्यानं पहिल्यांदा सांगितलं
की यंदा चर्चच्या बाजारासाठी
बिटाचं लोणचं घातलंच नाही.
दरवर्षी चाळीस बरण्या.
"मीठ कसं बघणार?" म्हणाला.
मग वायपर चालू केला, उगाच,
काचेवर काही नव्हतं.

अकरावं दुकान श्रीमती लाव यांचं.
पाटी फक्त चिनी भाषेत, खाली फोन नंबर.
तांदळाची पेज, इतकी शिजलेली
की कण न् कण आपलं नाव विसरलेला.
वर आल्याचे केस, पातीचा कांदा,
काळपट अंडं, ज्याच्याकडे मी बघितलं नाही.

ओरेस्टनं एक चमचा घेतला.
थांबला. दुसरा घेतला.
कपाळाला आठ्या घातल्या.
"मीठ कमी आहे," म्हणाला.

मोठ्यानं म्हणाला.
गल्ल्यावरून श्रीमती लाव यांनी मान वर केली.
"सव्वीस वर्षं," त्या म्हणाल्या,
"सव्वीस वर्षं कुणाची ब्याद नाही ऐकली."
"कमी आहे," तो पुन्हा म्हणाला,
लाल झाला होता, भांडायला उभा राहणार असा,
आणि मी त्याच्या वाडग्यात चमचा घातला.

मीठ अगदी बेताचं होतं.
किंचित जास्तच, खरं तर.

"कमी आहे," मी म्हणाले.

त्या आत गेल्या. बशी आदळली टेबलावर:
खारवलेला मुळा, पिवळा, पातळ चकत्या.
हात कमरेवर ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.
त्यानं एक चकती उचलली, चावली,
आणि बराच वेळ
काहीच बोलला नाही.

बिल पंधरा डॉलर चाळीस सेंट.
हट्ट कुणी केला यावर
पार्किंगपर्यंत आमचं भांडण चाललं.