दुरुस्ती एक

दरपत्रक असं होतं:
नुसता चेहरा साडेचारशे,
कमरेपर्यंत नऊशे,
उभी पूर्ण अठराशे,
मागे डोंगर, किल्ला, ड्रॅगन हवा असेल
तर त्याचं वेगळं बोलू.
अर्धे आगाऊ. दोन दुरुस्त्या फुकट.
तिसरीला पैसे पडतील, ताई.

मी सावद्याला, केळीच्या कोल्डस्टोरेजात
क्रेटची वजनं लिहिते.
रात्री साडेदहानंतर मी वाघूर.
सहा वर्षं झाली, एकशेबारावी लेव्हल,
खांद्यावर गेंड्याच्या कातड्याचं चिलखत, हातात भाला,
कमरेला एक रिकामी कुपी, जिच्याबद्दल कोणी विचारत नाही.
पोलंडचा एक पोरगा मला वागर म्हणतो,
कोरियातली बाई नुसतं वा.

एकतीस स्क्रीनशॉट पाठवले.
समोरून, पाठमोरी, पळताना, मरताना.
चित्रकाराचं नाव तिथं फक्त ‘कोळसा’.
मला वाटलं पुण्याचा, नाहीतर बेंगळुरूचा.
दुसऱ्या दिवशी निरोप:
वाघूर म्हणजे आपली वाघूर का? नदी?
म्हटलं, आपली.
शहाद्याचा निघाला. दिलवर पावरा.
म्हणाला, दिवसा टॅबलेट तापतो,
शेहेचाळीस अंशात रेघ घसरते,
म्हणून मीपण रात्रीचाच.

मग त्याचे प्रश्न.
बघायला आलेल्यांनीसुद्धा
असं कधी विचारलं नव्हतं:
ती दमली की कशी उभी राहते?
केस कोणी विस्कटलेत, तिनं की वाऱ्यानं?
उजेड कुठून येतो?

गेममध्ये उजेड येत नाही, असतोच,
किराणा दुकानातल्या ट्यूबसारखा.
मी लिहिलं, चार वाजता केळीच्या बागेत शिरतो तसा,
पानांतून गाळलेला, हिरवट, थोडा ओला.
कळलं, म्हणाला. आमच्याकडे पपईत वेगळा पडतो.

पहिलं चित्र आलं. चूक काहीच नव्हती.
दोन दिवस बघत राहिले
आणि काहीतरी बोचत राहिलं,
कुसळाहून बारीक.
भाला उजव्या हातात.
गेममध्ये सगळ्यांचाच उजव्या हातात असतो,
बदलायची सोय नाही.

मी डावरी होते. चौथीपर्यंत.
मारलं म्हणावं इतकं कोणी मारलं नाही.
मावशी वाढता वाढता पळीची कड टेकवायची,
आई म्हणायची, त्या हातानं प्रसाद कोणाला देशील?
सरोदे गुरुजी पेन्सिल काढून
शांतपणे दुसऱ्या मुठीत ठेवायचे.
मग तो हात डबा धरायला, ओढणी सावरायला उरला.
आता एकशेचोवीस क्रेट उजव्यानं लिहिते,
मालक म्हणतात, अक्षर छापल्यासारखं.

दुरुस्ती एक:
भाला डाव्या हातात द्या.

नुसतं उलटं करून देऊ? आरशासारखं?
दोन मिनिटांचं काम.
नको. चेहरा तसाच.
भुवईवरचा वण आहे त्याच बाजूला. फक्त हात.

‘लिहीत आहे’ बराच वेळ दिसत राहिलं, गेलं, पुन्हा आलं.
मग: ताई, हात बदलला की खांदा बदलतो.
भार दुसऱ्या पायावर जातो. मान वळते.
सगळी बाई नव्यानं काढावी लागते.

ही दुरुस्ती धरायची की नवीन काम?
तो म्हणाला, दुरुस्तीच.

अकरा दिवसांनी, रात्री दोन चाळीसला फाइल आली.
पंख्याचा रेग्युलेटर एकवर, आई कूस बदलून म्हणाली,
काय करून राह्यली गं अजून?
काही नाही.
दोन बोटांनी मोठं करत गेले.
भाल्याभोवती डावी मूठ,
नखांच्या कडेला तपकिरी डाग, केळीच्या चिकाचे,
धुऊन न जाणारे.
ते मी सांगितले नव्हते.

उरलेले नऊशे पाठवले.
पिन डाव्या अंगठ्यानं.
एकदा चुकला.
मग गेले.