उजव्या बाजूचं माणूस

विकणे आहे, असं लिही, अब्बा म्हणाले.
मी लिहिलं. पुढं?
डॉज चार्जर, एकोणसत्तरचं मॉडेल, आठ सिलिंडर,
रंग...
रंगापाशी थांबले.
मोतीबिंदू नाही त्यांना. चाळीस वर्षं वेल्डिंग,
आणि काच धरायचा हात कायम दुसऱ्या कामात.
रंग तूच बघून लिही.
मी लिहिलं: भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा.
ते हसले. बरोबर. तसाच मारला होता.

ही गाडी सोलापुरात कशी आली
याच्या तीन गोष्टी आहेत, गल्लीत तिन्ही खऱ्या.
एकीत साखर कारखान्याचा गोरा इंजिनिअर, एकीत पत्ते,
तिसरीत नुसती एक बाई,
जिनं किल्ली टपरीवर ठेवली आणि रिक्षा केली.
आमच्याकडं आली तेव्हा आत कोंबडी अंड्यांवर बसलेली.
पिल्लं निघेपर्यंत अब्बांनी बॉनेट उघडलं नाही.
त्यानंतर एकोणीस वर्षं मिटलं नाही.

ओरिजिनल किती, फोनवर विचारतात.
इंजिनचा ब्लॉक, दोन्ही दारं, मागच्या काचेचा उतार.
बुश बंद गिरणीच्या लिलावातल्या शाफ्टातून कातलेले.
सीटचं कापड बोद्धुलांच्या मागावरचं,
साधं विणा म्हटलं होतं,
तरी कडेला एक मोर आलाच.
पुढचे दिवे झाकणाआड असतात, हवेच्या ओढीनं उघडतात,
त्याची नळी सलाइनची, खालानं आणलेली.
डावी पापणी जरा उशिरा उघडते.
हे लिहू?
दोष आधी लिही.

स्टिअरिंग डावीकडं.
म्हणजे पुढं ट्रक असला की चालवणाऱ्याला ट्रकच दिसतो,
रस्ता दिसतो उजव्या बाजूच्या माणसाला.
ते माणूस मी, सातवीपासून.
अर्धी खिडकीबाहेर, दातांत हैदराबाद रोडची धूळ.
घरात आम्ही दखनी बोलतो, पण ट्रकपुढं हेच शब्द:
येलालाय, थांबा.
येलालाय, थांबा.
सोडा!
अब्बांनी कधी वाकून खात्री केली नाही.
निकाहात मला तीनदा विचारलं होतं,
इथं माझ्या एका शब्दावर पावणेदोन टन लोखंड निघायचं.

पुण्याहून पाटसकर आले. खिशातून
रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं,
पत्र्यावरून फिरवलं हळूहळू, डॉक्टरसारखं.
मागच्या चाकावर चुंबक सुटलं, टप्.
आतून अब्बा म्हणाले,
तिथं दीड सूत लांबी भरलीय साहेब. बोकड धडकला होता.

चक्कर मारायला मी बसले उजवीकडं.
कुंभारीच्या अलीकडं उसाची डबल ट्रॉली.
सोडा, मी म्हणाले.
ते वाकले, माझ्या मांडीपर्यंत वाकले, स्वतः बघायला,
तोवर समोरून एसटी.
मोकळ्या रस्त्यावर परत: सोडा.
परत वाकले.
वळसंगपर्यंत आम्ही उसाच्या वासामागं, बावीसच्या स्पीडनं,
आठही सिलिंडर खाली मान घालून.
कॅमेरा बसवून घेईन, ते म्हणाले.
घासाघीस केली नाही. माणूस वाईट नव्हता.

विकण्याचं कारण, जाहिरातीत विचारतात ना?
जागा, असं लिही.

शेडमध्ये आता जागाच जागा,
आणि फरशीवर तेलाचा एक डाग, त्याला अब्बा वळसा घालून जातात.
दिसत नाही, तरी.

संध्याकाळी स्कूटी मी चालवते, ते मागं.
दोन्हीकडं माग खडखडत असतात,
माझं मलाच ऐकू येत नाही.
वळणाआधी खांद्यावर बोटं रुततात.
येलालाय. थांब.
समोर काहीच नाही. तरी थांबते.
मग भिंतीआडून दहाचाकी निघतो, एकाच दिव्याचा,
धूर आमच्या अंगावर सोडून जातो.
सोड आता, म्हणतात,
आणि चौकापर्यंत बोलत राहतात
त्याच्या चौथ्या नोझलबद्दल.