शून्य बाकी

जुलैत बर्नीला पाच वाजताच काळोख होतो.
बंदरावर लाकडाच्या ढलप्यांचा डोंगर,
त्याच्या माथ्यावर एक पिवळा दिवा,
आणि माझ्या टेबलापाशी ऱ्होंडा टलक,
कोट न काढता बसलेली.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं.
बोटांना अजून ब्लीचचा वास.
पाकिटातून तिनं तीन कार्डं काढली
आणि पत्त्यांसारखी पालथी मांडली.
"तिन्हींवर शून्य,"
ती म्हणाली. जरा ताठ बसून म्हणाली.

मी गृहकर्जाचा दलाल. मला शून्य दिसतं.
बँक पाहते ती मर्यादा:
बारा हजार, सहा हजार, चार हजार.
उद्या ही बाई उठेल
आणि चहाआधीच बावीस हजार डॉलर उडवून येईल,
असं धरून चालतात तिथली माणसं.
त्याचा हप्ताही लावून मोकळी होतात,
महिन्याला आठशे छत्तीस.

"कशाचा हप्ता?" तिनं विचारलं.
न घेतलेल्या वस्तूंचा, बाई.
न काढलेल्या तिकिटांचा.
हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं,
"नियम आहे."

पहिलं कार्ड फ्रिजबरोबर आलेलं.
फ्रिज कधीच भंगारात गेला, कार्ड राहिलं.
दुसरं ग्लेनच्या हट्टापायी:
पॉइंट साठवून तो तिला लिस्बनला नेणार होता.
पॉइंट साठले नाहीत.
ग्लेन डेव्हनपोर्टपर्यंत गेला, दुसऱ्या एकीबरोबर, गाडीनं.
तिसरं आईच्या आजारपणात, लागलंच तर म्हणून.
लागलं नाही.
आई एका रात्रीतच आटोपली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
ही तर गुडघे पोटाशी घेऊन झोपली आयुष्यभर,
आणि आज जाब विचारतात तो
अंथरुणाच्या लांबीचा.

घर टेकडीवर आहे. लाकडी फळ्यांचं,
दोन खोल्या, मागं लिंबाचं झाड,
मोरीच्या खिडकीतून सामुद्रधुनीचा एक तुकडा.
मालकीण शुक्रवारपर्यंत थांबणार आहे.
आज मंगळवार.

माझ्याच फोनवरून तिनं कार्ड बंद करायला घेतलं.
पलीकडचा मुलगा गोड बोलला.
इतक्या चांगल्या ग्राहक तुम्ही,
एकदाही हप्ता चुकला नाही,
मर्यादा पंधरा हजार करून देऊ का?
ऱ्होंडानं फोन कानापासून दूर धरला
आणि हसली,
हसता हसता डोळे पुसले कोटाच्या बाहीनं.

माझी कात्री बोथट आहे, कागदाची.
फ्रिज दोनदा निसटला.
लिस्बन एकाच घावात तुटलं.

तिसरं तिनं परत पाकिटात टाकलं.
"चार हजारांचे महिन्याला एकशे बावन्न," मी म्हटलं,
"तेवढ्यानंही घर हुकेल."
ती गप्प. बाहेर एक ट्रक ढलप्या ओतून गेला.
"मग कमी करा. पाचशे ठेवा.
रात्री कोणाला न्यायची वेळ आली तर
टॅक्सीपुरतं तरी."

कोणाला, ते मी विचारलं नाही.
घरात ती एकटीच राहणार होती.

पाचशेचे एकोणीस. बसत होतं, जेमतेम.
मी अर्जात मर्यादा लिहिली,
फाइल मिटणार तोच तिनं बोट ठेवलं.
"इथं बाकीचा रकाना आहे."
हिशेबाला तो लागत नाही, मी सांगितलं,
कोणी वाचतसुद्धा नाही.
"नसू दे वाचत," ती म्हणाली. "लिहा."

मी शून्य काढलं.
तिनं चष्मा लावून पाहिलं,
आणि म्हणाली, तोंड नीट मिळालेलं नाही,
पुन्हा गिरवा.