खालची बाजू

गेथिनने तीन बॉनेटांचे फोटो दाखवले
बरी पोर्टच्या माझ्या शेडमध्ये,
एका उलट्या बोटीच्या पोटाखाली वाकून.

पहिल्याला अकरा फटी, माशाच्या कल्ल्यांसारख्या.
म्हटलं, ही लावलीस तर गाडी नाही, किसणी दिसेल.
दुसऱ्याचा भावच सगळं सांगत होता:
वर कार्बनचा एक पापुद्रा, खाली नुसतं फायबरग्लास,
मांजरपाटाला जरीची किनार.
तिसरं साधं. रेडिएटरच्या मागे दोनच झडपा,
वारा जिथे बॉनेटवरून अंग उचलतो
आणि आतली धग आपसूक वर ओढली जाते.

"आणि पाऊस?"
पेम्ब्रीच्या ट्रॅकवर पाऊस कुणाला विचारून येत नाही.
"येऊ दे. कॉइलच्या डोक्यावर पन्हळ ठोकू, पत्र्याची, एवढीशी."

सहा आठवडे सांगितले होते, लागले अकरा.
खोकं फोडलं आणि मी ते
दोन बोटांवर उचललं.
जुनं लोखंडी काढायला मात्र आम्ही दोघं,
एकेक कोपरा धरून, चुलीवरचा हंडा उतरवावा तसे.
त्यावर एक पोचा होता. ब्रेकनच्या उतारावर
धुक्यातून एक मेंढी आली होती, तिचा.
मेंढी उठून चालती झाली,
पोचा गेथिनने नऊ वर्षं तसाच ठेवला.

ट्यूबलाइटखाली नवं आडवं धरलं.
उभा धागा, आडवा धागा, दोन वर दोन खाली,
मधल्या रेघेपाशी दोन्हीकडची वीण
माशाच्या काट्यासारखी जुळलेली.
उजव्या झडपेजवळ मात्र ती किंचित कललेली.
मला दिसलं. त्याला नाही.
मी बोलले नाही.

मग चारशेचा पेपर, सहाशेचा, आठशेचा,
बादलीत साबणाचं पाणी, काळं होत जाणारं.
सुईच्या अग्राएवढी भोकं: एकोणीस मोजली,
काडीच्या टोकाने एकेकात रेझिन भरलं.
तीन संध्याकाळी.
डोळे मिटून तळवा फिरवते मी, हात लवकर फसत नाही.
नखाला काही अडलं की पुन्हा पेपर.

चौथ्या संध्याकाळी तो डबा घेऊन आला.
"हिरवा मार याच्यावर. गाडीचाच."

"मग एवढे पैसे कार्बनला कशाला घातलेस?
लोक वीण दिसावी म्हणून जीव टाकतात."
"नाकावरचे नऊ किलो गेले, नेरिस.
ते मला वळणावर कळेल.
बघणाऱ्यांना कशाला कळायला हवं?"

मला राग आला. खरंच आला.
त्या एकोणीस भोकांसाठी आला.
पण पैसे त्याचे, गाडी त्याची,
आणि उन्हाने रेझिन पिवळं पडतं, चहाच्या कपाच्या आतल्यासारखं;
रंगाखाली ते तरी टळेल, अशी मनाची समजूत घातली.
प्रायमर. दोन हात हिरवा. वर लॅकर.
दोन हजारच्या पेपरने पाण्यात घासून चकचकीत केलं,
आणि झालं, एक हिरवं बॉनेट, चारचौघांसारखं.

खालची बाजू मात्र मी त्याला विचारली नाही.
तिथे कुणी घासत नाही, कुणी बघत नाही,
खरबरीत सोडून देतात.
मी रात्री एकपर्यंत घासली
आणि तिच्यावर लॅकरचा पातळ हात दिला,
उघडी वीण ठेवून.

पेम्ब्रीला वीस मिनिटं पळवून तो पिटमध्ये आला.
झडपांवरची हवा थरथरत होती,
पलीकडचा टायरांचा ढीग तिच्यातून वितळल्यासारखा.
पिना काढल्या, बॉनेट वर केलं,
आणि तो तसाच उभा राहिला, हातात एक पिन धरून.

मग अंगठा नेमका तिथेच नेला.
"इथे वाकडी आहे."
"माहीत आहे."
"कधीपासून?"
"पहिल्या दिवसापासून."
त्याने अंगठा भाजेपर्यंत तिथेच ठेवला.
"असू दे," म्हणाला.

जुनं बॉनेट त्याने परत मागितलं नाही.
ते माझ्या बाकावर उताणं पडलंय.
मेंढीचा तो पोचा आतून वाटीसारखा उलटा येतो, म्हणून
अखेर ते पालथं पाडून ठेवलं.
आता पोच्यात वॉशर राहतात. सहा नंबरचे.
घरंगळत नाहीत.